आधी तुमी उचला

माथेरानात मोटार जात नाही, पाहुण्यांच्या बॅगा बायकांच्या डोक्यावरून जातात आणि याची कुणाला लाजही नाही! गाडीतळावरच्या एक हमाल मावशी मात्र बॅग आधी मालकालाच उचलायला लावतात. परवा मी तिथंच उभा असताना विमानतळावरून थेट आलेले एक साहेब भलीमोठी बॅग घेऊन उतरले. मावशींची मान आखडली होती, पण फेरी सोडणं परवडणारं नव्हतं.

"उचला बघू."

बॅग साहेबांच्या गुडघ्यापर्यंतही आली नाही.

"मंग माझ्या डोक्यावर कशी चढंल? काढा बाहेर!"

बूट निघाले, बाटल्या निघाल्या, चक्क इस्त्री निघाली. साहेब गळ्यात बूट अडकवून हॉटेलकडे निघाले. माणसावर ओझं लादणं हा अन्याय आहे, असं मी त्यांना ठणकावलं.

"भाषण चालता चालता कर रं," म्हणत मावशींनी इस्त्री माझ्या हातात दिली.