आकाश बंद

आमचे हे बिनतारी केंद्रात. काम काय, तर ध्रुवाकडच्या हवामान-ठाण्यांशी शॉर्टवेव्हवर बोलायचं. केंद्र खाली, बिऱ्हाड वर. खरखर आणि शिट्ट्या ऐकतच माझा संसार झाला. धाकटे भावजी त्यातल्याच एका ठाण्यावर, एकटे. रोज सकाळी सेटवरून विचारायचे, "वहिनी, दादाचं पोट कुठवर आलं?" मी जिन्यातूनच ओरडायची, "तुमच्यापर्यंत पोचेल आता!"

पण तिकडे एक पीडा आहे. सूर्यावर वादळ उठलं, की ध्रुवावरचं आकाश रेडिओच्या लहरी गिळून टाकतं. सगळी ठाणी मुकी. काही दिवसांनी आपोआप मोकळं होतं. केंद्रातली माणसं त्याला 'आकाश बंद' म्हणतात. सासूबाईंनाही ते पाठ होतं. भावजींचा आवाज आला नाही की विचारायच्या, "बंद का रे?" हे म्हणायचे, "बंद." की त्या निवांत शेंगा सोलायला बसायच्या.

त्या खेपेला वादळ सरलं, बाकीची ठाणी अडखळत का होईना बोलू लागली. भावजींचं काही येईना. मदतीचं विमान तयार होतं. साहेबांनी विचारलं, तर हे म्हणाले, "त्याचं ठाणं ध्रुवाच्या अगदी जवळ. तिथलं आकाश उशिरा उघडतं. थांबू या."

माझा जीव खालीवर. म्हटलं, "अहो, पाठवा ना! गेलं रिकामं तर गेलं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

आजवर यांचा अंदाज कधी चुकला नव्हता, तेच नडलं. मेलं ते शहाणपण!

शेवटी शेजारच्या ठाण्यावरचा माणूसच बर्फगाडी घेऊन गेला. ठाणं जळालं होतं, सेटसकट. भावजी आगीतून वाचले होते. सामानाच्या खोपीत गारठून गेले, तो पोचायच्या आदल्याच दिवशी. परत येऊन त्याने सगळं सेटवरून सांगितलं. विमान वेळेवर गेलं असतं तर आज ते यांच्या पोटाची थट्टा करत असते. माझा राग अजून गेलेला नाही, आणि यांच्याकडे बघवतही नाही.

हे जिना चढून वर आले. चेहरा पांढराफटक. सासूबाई शेंगांचं सूप पुढ्यात घेऊन बसलेल्या.

"बंद का रे?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"बंद, आई."

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. "मग तो शेजारचा रडत होता, ते मला इथवर स्वच्छ कसं ऐकू आलं रे?"