मगदूम सरांची किल्ली

मगदूम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या कॉलेजात तास घेत होते. महिन्याभराने विद्यापीठात, आमच्या रसायनशास्त्र विभागात, शोकसभा झाली. विभागप्रमुख उठून म्हणाले, "मास स्पेक्ट्रोमीटर ही सरांचीच देणगी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली...

रेणूचं वजन सांगणारं हे यंत्र कोल्हापुरात यावं म्हणून सर सहा वर्षं दिल्लीला अर्ज करत होते. तोवर आमचे नमुने हैदराबादला जायचे, उत्तराला तीन-तीन महिने. सरांनी अर्जात 'संशोधन आणि अध्यापनासाठी' असं स्पष्ट लिहिलं होतं. यंत्र आलं, आणि याच विभागप्रमुखांनी काचेच्या खोलीला कुलूप घातलं. एम.एस्सी.च्या पोरांनी चपला काढून, रांगेनं, बाहेरूनच बघायचं. सर भडकले. "अंबाबाईचं मुखदर्शन हाय व्हय हे? हात लावल्याशिवाय पोरं शिकणार कशी?"

"बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून देतो की!"

दिलं लिहून. किल्ली सरांकडं आली, आणि दर गुरुवारी आम्ही आत जायला लागलो. मी राधानगरीकडची, घरात पहिलीच कॉलेज शिकलेली. ताठा होता, त्यात घाई. नमुना पातळ न करता तसाच सोडला. आतला भाग असा माखला की नंतर काहीही घातलं तरी माझाच नमुना दिसायचा. यंत्र चार दिवस बंद. मी रडत होते, सर हसत होते. "रडतीस काय? बिघडलं म्हणून तर उघडून बघायला मिळालं!" एकेक सुटा भाग त्यांनी माझ्याकडून घासून घेतला. यंत्र ठणठणीत झालं.

पण विभागप्रमुखांना निमित्त मिळालं. सरांनी चूक स्वतःवर घेतली, किल्ली गेली, पोरं पुन्हा काचेबाहेर. निवृत्तीपर्यंत सर फळ्यावर यंत्राचं चित्र काढून शिकवत राहिले. आणि मी? पीएच.डी.ला तिथंच जागा हवी होती, म्हणून गप्प बसले. विभागप्रमुखांवर चिडते, तेवढीच माझ्यावरही.

सभेत सरांच्या फोटोपुढं यंत्राचं जुनं रजिस्टर ठेवलं होतं. अक्षर किती सुंदर, म्हणून! मी ते पान शोधलं. 'नमुना दाट गेला. चूक माझी. मगदूम.' पेन काढलं, त्यांच्या नावावर काट मारली आणि माझं नाव घातलं, आडनावासकट.

कारकून धावत आला. "ओ म्यॅडम, सरकारी रजिस्टर हाय ते!"

"व्हय," मी म्हटलं, "म्हणूनच खरं लिवतीया."