आक्कांचं नाक

आमच्या जळीत वॉर्डातल्या ड्रेसरबाईंना सगळे आक्का म्हणतात. बावीस वर्षं पट्ट्या बदलतायत, आणि नाक असलं तिखट की जखम बिघडायला लागली तर लॅबच्या आधी त्या सांगणार. नवे डॉक्टर हसायचे. रिपोर्ट आला की तोंड लपवत फिरायचे. मी वॉर्डाची सिस्टर. डॉक्टरांशी पुष्कळ भांडले, आक्कांच्या नाकाशी कधी नाही.

मग कारखान्यात बॉयलर फुटला आणि आक्कांचे मालकच आमच्या सहा नंबरच्या खाटेवर आले. छाती, पोट, दोन्ही हात भाजलेले. धड कातडी उरली ती मांड्यांची; ती कुठे कुठे पुरणार? म्हणून डॉक्टरांनी छातीवर कृत्रिम कातडीची शीट बसवली. तिच्याखाली तीन आठवड्यांत नवा थर धरला, की वर मांडीची पातळ कातडी लावायची. पण मध्येच जंतू शिरले तर सगळं मुसळ केरात.

पाच दिवस आक्का बाकीच्या साऱ्या खाटांच्या पट्ट्या करत होत्या. सहा नंबरकडे फिरकल्या नाहीत.

"अहो, नवरा आहे ना तुमचा? जवळ तरी जा!" मी खेकसले.

"दारातून बघते की, सिस्टर. जवळ गेले तर कळेल ना मला."

मला राग आला आणि रडूही आलं.

सहाव्या दिवशी मालकांना सणसणून ताप चढला. शीट वरून छान दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "उद्या रिपोर्ट येईल, तोवर हात लावायला नको." उद्या म्हणे! मी सरळ जाऊन आक्कांचं मनगट धरलं. "उद्यापर्यंत थांबता येईल का, ते तुम्हीच सांगा. चला."

आल्या. मास्क खाली ओढून वाकल्या. मी नियमाची पक्की, पण अडवलं नाही.

मालकांनी डोळे उघडले. "आज वेळ मिळाला होय?"

"कामं होती हो," म्हणत त्यांनी दोन श्वास घेतले. देवा, आज एकदा ही बाई चुकू दे, मी मनात म्हटलं.

आक्का सरळ झाल्या. "काढा डॉक्टर. आत्ताच्या आत्ता."

"आक्का, ही काढली तर झाकायला दुसरी नाही आपल्याकडे."

"माहितीये."

हातमोजे चढवून त्यांनी माझ्याकडे चिमटा मागितला. "दुसऱ्या कुणी नको. मीच काढते, हळू."

"हे झालं की बरा होईन ना गं?" मालकांनी विचारलं.

"होणारच तर," आक्का म्हणाल्या आणि शीटचं टोक उचललं.