प्रभामावशी आणि शनिवारची मुलं

समाचाराला आलेल्या माणसांची प्रभामावशींना किळस यायची आणि ती त्या लपवतही नसत. डोंबिवलीत आमच्या इमारतीत कुणाचं माणूस गेलं की त्याही जात, पण मोठ्यांच्या घोळक्यात बसत नसत. घरातलं मूल शोधायचं आणि त्याच्याशेजारी फतकल मारायची. कुणी त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत "आता तूच घराचा आधार" म्हणालं, की मावशी सगळ्यांदेखत विचारायच्या, "समाचाराला आलात की ओझं टाकायला?"

शहाऐंशी साली माझे बाबा गेले, तेव्हा मी आठवीत होते. ते दिवस आठवले की पुढे येतात ती समाचाराला आलेली माणसं. आईनं बांगड्या घालाव्यात की नाही यावर तिच्याच समोर वाद घालणाऱ्या बायका, बाबांच्या जागी कंपनीत कुणाची वर्णी लागेल याचा अंदाज घेणारे पुरुष. दहाव्याला कल्याणचे काका खाडीवरून परतले ते थेट माझ्यापुढे उभे राहिले. पिंडाला कावळा शिवत नव्हता म्हणे. शेवटी काकांनी माझ्या नावानं शब्द दिला, की मंजू शाळा सोडेल, घर सांभाळेल, म्हणजे वहिनी नोकरीला जाईल आणि धाकट्याचं शिक्षण होईल. मग लगेच शिवला. तेराव्याला वाटीतलं श्रीखंड बोटानं निपटत काका हेच अख्ख्या पंगतीला ऐकवत होते. मी मात्र घाबरले होते. शाळेत गेले तर बाबांचा जीव अडकून राहील, असं मला खरंच वाटत होतं. मी कुणाशी बोलेनाशी झाले.

मावशींनी मला शनिवारी दुपारी घरी बोलावलं. त्यांच्या पुढच्या खोलीत पाच-सहा मुलं मटार सोलत बसली होती. प्रत्येकाची आई नाहीतर बाबा गेलेले. मोठ्यांना तिथे मज्जाव होता. "रडायचं तर रडा, भांडायचं तर भांडा. काहीच नको असेल तर मटार सोला," एवढंच मावशी सांगत आणि भिंतीला टेकून बसत. मला कुणी काही विचारलं नाही. कितीतरी शनिवार मी नुसते मटार सोलले आणि मग एकदा आपणहून कावळ्याचं सांगितलं.

टेंभी नाक्याहून आजोळी राहायला आलेला सुहास म्हणाला, "आमच्या कावळ्याला माझं पतंग उडवणं खटकत होतं." दिवा गावाहून येणाऱ्या नीताच्या आईच्या पिंडाला कावळा शिवला, तो बाबांनी दुसऱ्या लग्नाला हो म्हटल्यावर. सुहासनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, "सगळे कावळे काका लोकांच्याच पार्टीतले कसे रे?"

आम्ही हसत सुटलो. हसता हसता मी रडायला लागले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मावशींनी मला गप्प केलं नाही.

पुढच्याच शनिवारी काका शाळेतून माझा दाखला काढायला आले आणि आईला घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. मला चल म्हणाले. बाकीची मुलं शेजारी होती.

"काका, शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच पाळा. मी शाळेत जाणार."

पोरांना हे असलं शिकवता का, असं काकांनी मावशींना दरडावून विचारलं.

"मी काही शिकवत नाही, ऐकते," मावशी म्हणाल्या. "तुम्हालाही जमेल. फक्त तोंड बंद ठेवावं लागतं."

काका आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा हिला. दादाच्या आत्म्याचा प्रश्न आहे."

आई इतके दिवस मान वर करून कुणाशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा मी सहावीत होते. त्यांच्या कावळ्यानंही माझी शाळाच मागितली होती. मी दिली. हिची देणार नाही."

काका काहीतरी पुटपुटत जिना उतरले. आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, कारण नियम तिलाही ठाऊक होता. मावशींनी उठून तिचा हात धरला आणि तिला आत, आम्हा मुलांमध्ये बसवलं. मोठ्या माणसांत त्यांनी तिला धरलंच नाही.