नाव हाय ना अजून?

केडगावच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ कॉम्प्युटर सांभाळतात. फारसं बोलत नाहीत. काही अडलं की चष्मा काढून पुसत बसतात.

जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना कितीतरी पेशंटच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. फोन नंबर तेवढे शाबूत राहिले. साहेब म्हणाले, "सोडून द्या ती." यांनी मात्र एकेकाला फोन लावून नाव विचारलं.

काष्टीच्या एका म्हातारीनं फोन उचलला. "पोरगा गेला माझा. आता नाव कशाला पायजे?"

"तरी सांगा, आई."

तिनं सांगितलेलं नाव त्यांनी टाइप करून तिला वाचून दाखवलं. पुढं 'मयत' लिहिलं. तेव्हापासून ती अधूनमधून फोन करून विचारते, "नाव हाय ना अजून?" ते दर वेळी स्क्रीनवर नाव शोधतात आणि मगच सांगतात, "हाय."

काल डिस्क भरली. नवे पेशंट नोंदवता येईनात. मयतांच्या नोंदी काढून टाकायचा हुकूम आला. "थोड्या ठेवू का?" त्यांनी विचारलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. यांनी सगळ्या काढल्या.

संध्याकाळी म्हातारीचा फोन आला.

"हाय, आई," ते म्हणाले. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी खाली मान घालून काम करत राहिलो.