कोकणातले पाहुणे आणि केळझरची चुकलेली बस

माझ्या मोठ्या भावाला पोस्टात नोकरी लागली ती थेट कोकणात, रत्नागिरीच्याही पुढच्या एका गावात. दोन वर्षांनी त्यानं तिथलीच मुलगी पसंत केल्याचं पत्र आलं. लग्नाला आमच्या गावाहून, देवळीहून, फक्त बाबा आणि काका गेले. आईनं ताप आल्याचं सांगितलं आणि ती गेली नाही. पुढच्या हिवाळ्यात वहिनीचे आईवडील आमचं घर बघायला यायचे ठरले. भावाला रजा मिळाली नव्हती. त्यानं पत्रात लिहिलं होतं, ‘आठ दिवस राहतील. त्यांना कुठंतरी फिरवून आणा.’

बाबांची झोपच उडाली. ते आमच्या कापसाच्या शेतात उभं राहून मला म्हणाले, “ज्याच्या दारात समुद्र अन् परड्यात डोंगर, त्याले आपण काय दाखवाव, सांग बरं?” मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मी म्हटलं, पवनार दाखवा, बोरधरण दाखवा. पुढचे चार दिवस ते दिसेल त्याला विचारत होते. किराणा दुकानदार म्हणाला केळझरचा गणपती, एसटीचा कंडक्टर म्हणाला धरणच. शेवटी माझ्या वहीच्या पाठच्या पानावर बाबांनी दिवसवार यादी केली आणि ती खिशात घेऊन ते वर्धा स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला गेले.

व्याही सुपारीच्या बागेवर राबणारे, काटक आणि मितभाषी गृहस्थ होते. विहीणबाई बुटक्या, गोऱ्या. त्यांच्या नऊवारीला कोकमाचा वास यायचा. आईनं त्यांचं सगळं रीतीनं केलं. पाय धुवायला गरम पाणी, वांग्याचं भरीत, तुरीच्या शेंगा, पोळीवर तूप. पण तिचं बोलणं वाढण्यापुरतंच होतं. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि थोड्या वेळानं परत जायच्या.

बोरधरणावर बाबांनी हात लांब करून म्हटलं, “हा पाहा आमचा समुद्र!” व्याही काठाशी उतरून पाण्यात हात बुडवून आले. मग म्हणाले, “छान आहे. शांत आहे हो अगदी.” बाबांचा चेहरा जरा पडला. पवनारला नदीत पाणी कमी होतं. बाबा तिथं पाहुण्यांची माफीच मागू लागले तेव्हा व्याही हसून म्हणाले, “अहो, आम्ही तुम्हाला भेटायला आलो. नदीला नाही.”

केळझरला मात्र आईही आली, कारण गणपतीचं दर्शन टाळणं तिला जमलं नसतं. टेकडीवर दर्शन झालं. झाडाखाली बसून आम्ही झुणका-भाकर आणि संत्री खाल्ली. बाबांनी तिथल्या किल्ल्याच्या जुन्या भिंतीबद्दल ठाऊक होतं तेवढं सांगितलं, नंतर ठाऊक नव्हतं तेही सांगितलं. त्यात दुपारची बस निघून गेली. पुढची बस आलीच नाही. फाट्यावर आम्ही पाच जण तासभर उभे होतो. बाबा इतके खजील झाले होते, की ते कुणाकडं बघेनात.

तेवढ्यात कापसानं काठोकाठ भरलेली एक बैलबंडी आली, सेलूच्या जिनिंग कारखान्याकडं निघालेली. बाबांनी हात केला. गाडीवान माझ्याच वयाच्या पोरीचा बाप असावा असा, अंगावर घोंगडी घेतलेला माणूस होता.

“बसा जी,” तो म्हणाला. “पण बायांले वर चढा लागन.”

बाबा आणि व्याही त्याच्याजवळ पुढं बसले. मी आधी चढले आणि दोघींना हात देऊन वर ओढलं. विहीणबाईंनी कापसावर पाय ठेवला आणि त्या कमरेपर्यंत आत गेल्या. “अगो बाई, बुडाले मी!” म्हणून त्या हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मलाही हसू आवरेना. आई हसली नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “विहीणबाई, माह्या पोराले पोह्यता येत नाई.”

विहीणबाईंचं हसू थांबलं.

“तिकडं सगळं पाणीच पाणी म्हणतेत,” आई म्हणाली. “इथं आमच्या नदीले गुडघाभर पाणी. तो शिकनच कुठून? रोज सकाळी उठली का मले वाटते, आज तार येईन.”

“म्हणून तुम्ही लग्नाला आला नाहीत?”

“ताप नव्हता मले. राग होता.” आई कापसातली सरकी बोटानं चाचपत म्हणाली. “तुमच्या गावानं माहा पोरगा ठेवून घेतला, म्हणून.”

मला वाटलं, आता काय होतं! पण विहीणबाई तिच्याजवळ सरकल्या. “मीसुद्धा रडले हो. उद्या बदली झाली तर मुलगी तिकडे जाणार. तुमच्याकडे ऊन लागून माणसं मरतात, असं मला कुणी सांगितलं होतं. ते ऊन बघायलाच तर आले मी. आणि इथे बघते तर थंडी!”

“काऊन मरतेत? मी काय मेली?” आई म्हणाली आणि मग तीही हसली.

दोन्ही बाजूंना तूर उभी होती. उन्हं कलली तशी गारठा वाढला. दोघींनी मिळून आईची एकच शाल पांघरली आणि सेलू येईपर्यंत त्या माझ्या भावाच्या आणि वहिनीच्या खोड्या एकमेकींना सांगत होत्या. मी बाजूला पडून आभाळ बघत ऐकत होते. तसा मऊ प्रवास मी पुन्हा कधी केला नाही.

उन्हाळ्यात भावाचं पत्र आलं. सासूबाईंनी त्याला रोज सकाळी बागेतल्या विहिरीवर नेलं होतं. कमरेला वाळलेले नारळ बांधून मेहुण्यांकडून पोहायला शिकवलं होतं आणि स्वतः काठावर बसून राहिल्या होत्या. ते पत्र आईनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

नातू झाला तेव्हा आई आणि मी कोकणात गेलो. आता फिरवायची पाळी विहीणबाईंची होती. एक दिवस बंदर, एक दिवस डोंगरावरचं देऊळ, एक दिवस धबधब्याची जागा. आई पदर सावरत सगळं बघायची, “मोठं आहे जी,” म्हणायची आणि थकून जायची. शेवटच्या दिवशी विहीणबाईंनी विचारलं, “आज कुठे जाऊया?”

“तुमचं माहेर कुठं आहे?” आईनं विचारलं.

माहेर खाडीपलीकडं होतं. अकरा वर्षं त्या तिकडं गेल्या नव्हत्या. त्यांच्या थोरल्या भावाशी कशावरून तरी अबोला होता. आईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चला मंग. मी आहे न संगं.”

होडीत आई डोळे मिटून बसली. विहीणबाईंचा हात तिनं घट्ट धरला होता. पलीकडं उतरून आम्ही माडांमधल्या वाटेनं एका कौलारू घरापाशी आलो. अंगणात विहीणबाईंच्याच तोंडवळ्याचा एक म्हातारा सुपारी सोलत होता. त्यानं वर पाहिलं, विळी बाजूला ठेवली आणि आत तोंड करून हाक मारली, “पानं वाढा गो, आपली बाय आली.”