जाळीच्या भिंतीचं वसतिगृह

बांधकामाच्या मोकळ्या जागेवर पोचल्या, की ताई आधी चपला काढायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. "थांबा, वारा कुठून येतो ते बघू." काम देणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी छत्री धरून उन्हात ताटकळायचे. असं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. घाई त्याला शिवत नाही, आणि आपणच उगाच धावतोय असं वाटत राहतं.

ऐंशीच्या दशकात धुळ्यात इमारती आखणारी बाई म्हणजे नवलच. मी त्यांच्या ऑफिसात नकाशे ट्रेस करायला होते. बोलता बोलता त्या हरवायच्या. चहा पार गार व्हायचा, मग तोच आवडीने प्यायच्या.

एका शिक्षणसंस्थेनं खेड्यातल्या मुलींसाठी स्वस्तात वसतिगृह बांधायचं ठरवलं. कमिटीचं म्हणणं पडलं, मुलींचा मामला, रस्त्याकडे खिडकी नको. ताई हळूच म्हणाल्या, "मुली ठेवायच्यात, गोदामात कापूस नाही."

मग त्यांनी खिडक्यांऐवजी विटांची जाळी काढली. वारा यावा, नजर येऊ नये. स्लॅब टाळून वर कौलं, जाड भिंती, पश्चिमेला रुंद ओसरी, तिलाही जाळी. न्हाणीचं पाणी पपईच्या झाडांना.

पण खोल्या भरेनात. लोक येत, कौलं बघत, हे तर आपल्या गावासारखंच म्हणत आणि मुलींना परत नेत. जाळी बुजवायची कुजबुज सुरू झाली. त्या दिवसांत ताईंचा डबा तसाच घरी जायचा.

जूनमधल्या एका दुपारी पारोळ्याकडचे एक आबा मुलीला घेऊन आले. कड्या ओढून पाहिल्या, बाहेरून जाळीला डोळा लावला. तोंडावर नापसंतीच. मुलगी ट्रंकेवर बसून रडवेली झालेली. ताईंनी आबांना पाणी दिलं, एसटी येईपर्यंत इथेच ओसरीवर जरा आडवं व्हा म्हणाल्या.

आबा आडवे झाले ते घोरायलाच लागले. आम्ही तिथेच बसून राहिलो. जाळीतून आलेले उजेडाचे तुकडे फरशीवरून सरकत त्यांच्या धोतरावर चढले. मुलीचाही डोळा लागला. एसटी निघून गेली.

ऊन कललं तेव्हा आबा उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मुलीकडे बराच वेळ बघितलं.

"आठे वारा शे," जाळीपाशी हात धरून ते ताईंना अहिराणीत म्हणाले. "पोर राहू द्या."

ताई वारल्यावर संस्थेनं शेजारी पक्की इमारत उभी केली, पंखे लावले. मागे एकदा एप्रिलात मी तिथे गेले. नव्या इमारतीतल्या मुली गाद्या ओढत जुन्या ओसरीवर येऊन निजल्या होत्या. रेक्टरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी तशीच मागे वळले, ताईंना बोलावून आणायला.

फाटकापाशी आल्यावर आठवलं.